पाझर तलावाच्या मागच्या पायथ्याला ओल आली आहे, काय करावे?

माणकाठ

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला पाझर तलाव आहे, १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून झालेला. नाल्याच्या जागी भरावाची उंची ९ मीटर, लांबी अंदाजे २४० मीटर, माथा अडीच मीटर रुंद. पाणलोट दोन चौरस किलोमीटरच्या आसपास. सांडवा डाव्या टोकाला, ३० मीटर रुंद, कडक मुरमात खोदलेला. पाणी सांडव्याला लागते तेव्हा माथा त्याच्या दीड मीटर वर राहतो.

परतीच्या पावसाने यंदा तलाव भरला आणि आठ दिवसांत उजव्या टोकापासून ६० मीटरवर, मागच्या, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूच्या, पायथ्याशी ओल दिसू लागली. तिथे भराव साडेचार मीटर उंच आहे. ओलीचा पट्टा ६ बाय ४ मीटर. मधोमध पाय ठेवला तर घोट्यापर्यंत रुततो, आणि कडेने बारीक धार वाहते.

गावात दोन मते आहेत. काही जण म्हणतात, जेसीबीने काळी माती आणून मागून दाबून टाकू. काही म्हणतात, काँक्रीटचा थर देऊ. तलाव रिकामा करायला कोणी तयार नाही, खालच्या चौदा विहिरी याच पाण्यावर आहेत. नेमके काय करावे आणि कोणत्या क्रमाने?

मुरूमखडी

काळी माती नको आणि काँक्रीटही नको. मागच्या बाजूने तोंड बंद केले की पाणी थांबत नाही, ते भरावाच्या आत चढते. आज पायथ्याशी असलेली ओल महिनाभरात दीड-दोन मीटर वर उतारावर दिसेल. आतला मुरूम चिंब होऊन ढिला पडेल आणि मागचा उतार खाली सरकेल. मातीच्या धरणात पाण्याला बाहेर यायला वाट हवीच, त्याच्याबरोबर माती येता कामा नये एवढेच बघायचे असते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण गावात तिच्यावरूनच गोंधळ होतो. हा पाझर तलाव आहे. तळातून पाणी मुरून खालच्या विहिरींना जावे हाच त्याचा उद्देश. म्हणून अशा तलावांच्या भरावाखालचा, पाणी अडवायला मातीने भरलेला चर सिंचन तलावासारखा कठीण खडकापर्यंत नेत नाहीत. केंद्रीय भूजल मंडळाच्या मार्गदर्शिकेत साडेचार मीटर उंचीपर्यंतच्या भरावाला चर नसला तरी चालतो, जमीन खरवडून पायऱ्या पाडून भराव नीट सांधला की पुरे, असे म्हटले आहे. त्यामुळे धरणाखाली नाल्यात शंभर-दोनशे मीटरवर स्वच्छ पाणी फुटले तर ते चांगले लक्षण. भरावाच्या अंगातून किंवा अगदी पायथ्याशी एकाच जागी फुटले तर मात्र तपासायलाच हवे. तुमचे प्रकरण दुसऱ्या प्रकारचे आहे.

आजच हे करा. ओलीच्या खालच्या अंगाला हातभर चर काढून सगळी धार एका ठिकाणी आणा आणि तिथे पाइपचा तुकडा बसवा, म्हणजे बादली लावता येईल. १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते रोज सकाळी एकाच वेळी लिहा. त्याच वेळी काचेच्या पांढऱ्या बाटलीत पाणी भरून दिवसभर हलवू नका, संध्याकाळी तळाला काय बसले ते बघा. तलावात उभी पट्टी रोवून पाण्याची पातळी टिपा. हे तीन आकडे शेजारी शेजारी असले पाहिजेत. तलाव उतरतो तशी धार कमी होत असेल तर घाबरण्यासारखे नाही. तलाव उतरूनही धार तेवढीच राहिली किंवा वाढली, तर आतली वाट रुंद होते आहे.

धार वाढली आणि बादली पुरेना, तर पत्र्यात ९० अंशांचा इंग्रजी व्हीच्या आकाराचा खाचा कापून चरात बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी ५ सेंटिमीटर वर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, साडेसात असेल तर सव्वादोन लिटरच्या जरा आत, १० असेल तर जवळजवळ साडेचार लिटर. उंची खाचेच्या तोंडाशी मोजू नका, तिथे पाणी वाकलेले असते. अर्धा मीटर मागे मोजा.

आणि या प्रश्नांची उत्तरे द्या. त्या ओळीत भरावातून कोणी पाइप नेला आहे का? घुशीची बिळे, खेकड्यांची भोके, वारुळे आहेत का? झाड आहे का, किंवा पूर्वी तोडलेल्या झाडाचा बुंधा? समोर पाण्यात कुठे भोवरा दिसतो का? त्याच जागी माथा खचला आहे का?

वाळूचाळण

वरचे सगळे बरोबर. बाटलीत माती दिसो न दिसो, जिथे पाय रुततो तिथे पायथ्याला वजन आणि गाळणी दोन्ही द्यावी लागतात. खात्यात याला इन्व्हर्टेड फिल्टर म्हणतात. तळाला बारीक आणि वर जाड, असा उलटा क्रम. पाणी वर येते, पण मातीचा कण वाळूत अडकतो, वाळू बारीक खडीत अडकते, बारीक खडी मोठ्या खडीत.

ओलीच्या पट्ट्याच्या चारही बाजूंना एकेक मीटर जादा धरा, म्हणजे ८ बाय ६, ४८ चौरस मीटर. गवत आणि चिखलाचा वरचा पापुद्रा हाताने काढा, तोही टप्प्याटप्प्याने, दोन-दोन मीटरचा पट्टा उघडून लगेच झाकत. जेसीबीचे बकेट पायथ्याला लावायचे नाही, तलाव भरलेला असताना तर अजिबात नाही. पायथा कोरला की वरचा उतार आधाराविना राहतो. मग २० सेंटिमीटर जाड वाळू, त्यावर १५ सेंटिमीटर १० ते २० एमएम खडी, त्यावर १५ सेंटिमीटर ४० एमएम खडी आणि शेवटी ३० सेंटिमीटर डबर, म्हणजे मोठे दगड, हाताने रचून. हिशेब (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट): वाळू साडेतीन ब्रास, दोन्ही खड्या अडीच-अडीच ब्रास, डबर पाच ब्रासच्या थोडा वर. थरांच्या खालच्या कडेला डबराचाच छोटा बांध घाला आणि तिथून पाणी चराने नाल्याला सोडा, मोजणीचा पाइप त्याच चरात.

नेहमी चुकते ते वाळूत. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आणतात आणि तीही प्लॅस्टरची, भुकटी असलेली. ती भुकटी ओली होऊन घट्ट बसते आणि गाळणीचे झाकण होते, म्हणजे पुन्हा मागून तोंड बंद केल्यासारखेच. काँक्रीटसाठीची, धुतलेली क्रश सँड मागवा. गाडी रिकामी करण्याआधी उभ्या बरणीत अर्धी वाळू, अर्धे पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवा. वाळूवर बसलेला मऊ थर वाळूच्या विसाव्या भागापेक्षा जाड असेल तर गाडी परत पाठवा. वाळूऐवजी कापड, म्हणजे जिओटेक्स्टाइल, टाका असे कोणी सांगेल. काळ्या मातीच्या बारीक कणांनी ते एक-दोन हंगामांत तुंबू शकते आणि डबराखाली गेले की बदलताही येत नाही. गावपातळीवर वाळूच बरी.

कुठे एकाच भोकातून पाणी उकळीसारखे वर येऊन भोवती मातीचे कडे धरत असेल, तर थरांची वाट बघू नका. भोवती वाळूने भरलेल्या पोत्यांचे गोल कडे रचा, पोती विटांसारखी सांधे मोडून, आतला व्यास मीटर-दीड मीटर. आत पाणी चढू द्या. पाण्याबरोबर माती यायची थांबली की उंची वाढवणे थांबवा आणि तिथून पाणी पन्हळीने बाहेर काढा. पाणी पूर्ण थांबेपर्यंत रचत गेलात तर ते दुसरीकडे फुटेल.

माणकाठ

आठ दिवस मोजले. पहिल्या दिवशी १५ लिटरला ५० सेकंद लागत होती, आज ४२. तलाव या आठ दिवसांत ११ सेंटिमीटर उतरला. पहिले तीन दिवस बाटली स्वच्छ होती, चौथ्यापासून तळाला पिवळट माती बसते, नखाएवढा थर.

विचारल्यावर कळले, पाइप आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी वरच्या वस्तीने ११० एमएमचा पीव्हीसी पाइप भरावातून आरपार नेला होता, माथ्यापासून तीन मीटर खोल, जेसीबीने चर काढून. आता वापरात नाही, पण काढलेलाही नाही. ओल बरोबर त्याच ओळीत आहे. माथ्यावर तिथे बोटभर खोल, दीड मीटर रुंद दबल्यासारखे वाटते.

भरावावर मागच्या बाजूला सात-आठ बाभळी आहेत, दोन मांडीएवढ्या जाड. आणि सांडव्यावर सप्टेंबरमध्ये मुरमाची पोती लावून ३० सेंटिमीटर पाणी वाढवले आहे.

मुरूमखडी

म्हणजे कारण सापडले, आणि ते हलके घेण्यासारखे नाही. तलाव उतरतोय, धार वाढतेय, माती येतेय, वर माथा दबलाय. चारही खुणा एकाच दिशेच्या आहेत.

गोल पाइपाच्या पोटाखाली, दोन्ही बाजूंच्या कोनात, धुमस पोचत नाही. तिथे माती सैल राहते. त्यात तुमचा चर जेसीबीचा, म्हणजे उभ्या भिंतींचा आणि अरुंद, माती ढकलून वरून चाक फिरवलेली. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि पाइपापासून सुटते. पाइप आणि माती यांच्यामध्ये केसाएवढी फट पडली की पाण्याला सरळ रस्ता मिळतो. पाइप बंद असला तरी फरक पडत नाही, पाणी त्याच्या बाहेरून चालते. मातीच्या धरणाची सगळ्यात कमजोर जागा अशीच असते, जिथे मातीला दुसरे काही टेकते. पानशेत १२ जुलै १९६१ला फुटले, ते धरणही मातीचेच होते आणि तिथेही दुखणे भरावाखालून जाणाऱ्या विमोचकापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीपाशी, सुरू झाले होते.

पहिले काम, सांडव्यावरची पोती आजच काढा. पोत्यांमुळे अडलेले जादा पाणी निघून जाईल आणि पाइपवरचा दाब तेवढा कमी होईल. एकदम ओढून काढू नका, एका टोकापासून थोडी थोडी, म्हणजे सांडव्याचा चर खरवडणार नाही.

दुसरे, वाळूचाळण यांनी सांगितलेली गाळणी याच आठवड्यात पडली पाहिजे. पाइप जिथे मागे बाहेर येतो त्या तोंडाभोवती वाळूचा थर अर्धा मीटर जाड करा, पाइपाच्या खाली, वर आणि बाजूंना. पाइपाच्या अंगाने येणारी माती तिथेच अडकेल. पूर्वी अशा पाइपांना काँक्रीटच्या कॉलर, म्हणजे भोवती कडी, घालत, पण कॉलरच्या कडेलाही माती नीट बसत नाही. आता मागच्या भागात पाइपाभोवती वाळूची गाळणी घालण्यावर भर असतो.

तिसरे, पाणी पाइपाच्या खाली नेणे. माथ्यापासून तीन मीटर म्हणजे भरल्या तलावाच्या पातळीपासून दीड मीटर. सगळा तलाव रिकामा करायचा नाही, एवढाच. माथ्यावरून १६० एमएमचे सायफन टाका. पाण्याकडच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह, मागच्या टोकाला साधा व्हॉल्व्ह, माथ्यावर टी आणि बूच. मागचा व्हॉल्व्ह बंद करून टीमधून दोन्ही बाजू पाण्याने गच्च भरायच्या, बूच लावायचे, मग मागचा व्हॉल्व्ह सोडायचा. पातळीतला फरक ४ मीटर असेल तर एका सायफनमधून सेकंदाला ४० लिटरच्या आसपास मिळतात, दिवसाला साडेतीन हजार घनमीटरच्या जरा आत. जलपृष्ठ ५ हेक्टर धरले तर एका सायफनने दिवसाला ७ सेंटिमीटर, दोहोंनी १४. याहून फार घाई नको. पाणी झपाट्याने उतरले की पुढच्या, म्हणजे पाण्याकडच्या, उताराची ओली माती आधार सुटून घसरते. सायफनचे पाणी पायथ्यावर सोडू नका, पाइप थेट नाल्यात न्या. ते पाणी वाया जात नाही. खाली नाल्यात छोटे आडवे बांध घातले तर तुमच्या विहिरींनाच मिळेल.

हे चालू असताना रात्री दोन माणसे बॅटरी घेऊन पायथ्यावर हवीत. धार अचानक गढूळ झाली किंवा तलावात भोवरा दिसला तर नाल्याकाठच्या वस्तीला लगेच हलवायचे, दुरुस्ती नंतर. कोणाला फोन करायचा आणि कोण कुठे जाणार हे आजच ठरवून ठेवा.

आणि लेखी अर्ज. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे असतात, १०१ ते ६०० हेक्टर मृद व जलसंधारण विभागाकडे. अर्जासोबत तुमची आठ दिवसांची वही, बाटलीचे फोटो आणि माथ्याचा फोटो जोडा, तहसीलदारांना प्रत द्या. ‘तलाव गळतो’ असे लिहिलेल्या अर्जापेक्षा ‘पातळी ११ सेंटिमीटर उतरली तरी गळती सेकंदाला ०.३० वरून ०.३६ लिटर झाली, माती येते आहे’ असे लिहिलेल्या अर्जावर अभियंत्याला लगेच निघावे लागते. पाइप काढण्याचे काम खात्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

पाणलोट_पूर्व

बाभळींबद्दल. आत्ता तोडू नका. तलाव भरलेला असताना बुंधा उपटला तर खड्डा पडतो, आणि नुसते वरून तोडले तर मुळे दोन-चार वर्षांत कुजून आत पोकळ नळ्या होतात. मनगटाहून बारीक झाडे उन्हाळ्यात मुळासकट काढा. मांडीएवढ्या दोन झाडांभोवती मे महिन्यात तिरप्या बाजूंचा खड्डा घेऊन बोटाएवढ्या मुळांपर्यंत काढायचे, मग भरावाच्याच जातीची ओलसर माती १५ सेंटिमीटरच्या थरांनी धुमसून भरायची. मागच्या उताराला गवत पाहिजे, झुडूप नको. झुडपाखाली बिळे दिसत नाहीत, हा त्याचा दुसरा तोटा.

आता सांडवा, कारण पोती काढायला गावात विरोध होणार. हा हिशेब सभेत मांडा. दोन चौरस किलोमीटर पाणलोटाला, पुराचा अंदाज देणाऱ्या डिकन्सच्या सूत्रात सहगुणक १४ घेतला तर पूर येतो सेकंदाला साडेतेवीस घनमीटर. ३० मीटर रुंद सांडव्यावरून ६० सेंटिमीटर जाडीचा लोट गेला तर तेवढाच पूर बाहेर पडतो, म्हणजे सांडवा मापात आहे. त्यावर ३० सेंटिमीटर पोती लावली तर त्याच पातळीला लोटाची जाडी ३० सेंटिमीटर उरते, आणि बाहेर पडणारे पाणी निम्मे होत नाही, सेकंदाला आठ-साडेआठ घनमीटरवर येते, जवळजवळ एक तृतीयांश. उरलेले पाणी माथ्याकडे चढते. मातीचा भराव माथ्यावरून वाहिला की काही तासांत मागचा उतार कोरून फुटतो. पोत्यांनी मिळणारे जादा पाणी ५ हेक्टरला फार तर १५ हजार घनमीटर, त्यातलेही बरेच उन्हाने उडते.

सांडव्याच्या चरात शेवरी, घाणेरी, चिलार माजली असेल तर तीही दरवर्षी मे महिन्यात साफ हवी. चर पुढे नाल्याला जिथे मिळतो तिथे खोलगट धबधबा पडून खड्डा मागे सरकत येतो. तो भरावाच्या टोकाकडे वळत असेल तर डबर टाका.

माणकाठ

पोती काल काढली. गाळणीचे साहित्य उद्या येते आहे. अर्ज दिला, शाखा अभियंता परवा येणार. एकच शंका. मे महिन्यात पाइप काढल्यावर तो चर तलावातल्याच गाळाने भरता येईल का? सरकारच्या ‘गाळमुक्त धरण’ योजनेतून गाळ काढायचाच आहे, गाडीभाडे वाचेल.

वाळूचाळण

गाळ शेतात न्या, भरावात नको. त्यात पोयटा आणि कुजलेला पाला जास्त असतो, दाबला तरी बसत नाही आणि वाळला की भेगाळतो. आतल्या गाभ्याला चिकण काळी माती हवी आणि दोन्ही बाजूंच्या आवरणाला मुरूम, जसा मूळ भराव आहे तसाच. चर उघडल्यावर कापलेल्या बाजूत दोन्ही थर स्वच्छ दिसतील, त्याच रेषा धरून भरा.

काळी माती निवडताना चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, टाळा. गोटीएवढे ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात (ॲसिड नव्हे) हलकेच सोडा, हलवू नका, दहा मिनिटे बघा. ढेकूळ ढासळले तरी चालेल, पण पाणी स्वच्छ राहायला हवे. भोवती दुधासारखा ढग पसरला तर ती माती पाण्यात आपोआप सुटणारी आहे, पाइप नसतानाही ती वाहून जाईल. बोअरचे खारे पाणी वापरलेत तर ढग दिसणार नाही आणि फसाल. जुन्या भरावातल्या मातीचेही एक ढेकूळ असेच तपासा, तुमच्याकडे माती इतक्या लवकर का सुटली ते कळेल.

चर उभा कापू नका, बाजू किमान एकास एक तिरप्या आणि पायऱ्या पाडलेल्या. पाइपाखालची सैल माती निघून घट्ट तळ लागेपर्यंत खोल जा. जुनी बाजू कोरडी असेल तर पाणी शिंपडून खरवडा, नाहीतर नवी माती तिला धरत नाही. ओलावा असा हवा की मुठीत लाडू वळतो, हाताला चिखल लागत नाही, आणि छातीएवढ्या उंचीवरून टाकला तर दोन-चार तुकडे होतात. भुगा झाला तर कोरडी, चपटा झाला तर जास्त ओली. सैल थर २० सेंटिमीटरचा, दाबून १५. बेबी रोलर फिरेल एवढी रुंदी ठेवा, कडेला यांत्रिक धुमस. माथ्यावर १० सेंटिमीटर फुगवटा सोडा, पहिल्या दोन पावसाळ्यांत तेवढे बसते.

गाळ काढताना भरावाच्या पुढच्या पायथ्यापासून दहा मीटर तरी जागा सोडा आणि मूळ तळाखाली जाऊ नका. गाळाचा रंग बदलून मुरूम दिसला की थांबायचे. योजनेत वाळू काढायला बंदी आहेच. वरच्या वस्तीने पुन्हा पाइपाची मागणी केली तर सभेतच सांगा की पाझर तलावातून थेट उपसा करायला सहसा परवानगी नसते. त्यांच्यासाठी खालच्या बाजूला विहीर घेऊन तिथून पाणी वर उचला. नवा पाइप त्या भरावातून जाता कामा नये.

अभियंता परवा येतील तेव्हा पाइपाची ओळ माथ्यावर चुन्याने आखून ठेवा, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका आणि दबलेल्या जागेची खोली दोरी ताणून मोजून ठेवा. मेपर्यंत दर पंधरा दिवसांनी तीच दोरी तिथेच लावून पुन्हा मोजा.